बाबांनी फोनला काहीच केलं नव्हतं

आमच्या घरात माझी ओळख फोन बिघडवणारा अशी आहे. मी स्वतःला दुरुस्त करणारा समजतो, पण घरात चालतं ते बायकोचं मत. कुणाचा जुना, धापा टाकणारा फोन हाती आला की मला राहवत नाही. कंपनीने त्यात कोंबलेली अडगळ पुसायची, आतलं कुलूप उघडायचं, कुठकुठल्या देशांतल्या हौशी लोकांनी बनवलेलं हलकं अँड्रॉइड त्यात भरायचं, आणि भंगारात निघालेला फोन पुन्हा तुरुतुरु चालायला लागला की गालातल्या गालात हसायचं. लोक रविवारी क्रिकेट पाहतात, मी हे करतो. अमरावतीत एका शिकवणी वर्गात मी फिजिक्स शिकवतो. त्यामुळे प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि ते आपल्याला सापडतंच, असा एक माज माझ्या अंगात आहे. बाबांच्या फोनने तो माज पुरता उतरवला, आणि तो उतरल्याचा मला जेवढा आनंद झाला तेवढा आयुष्यात फार कशाचा झालेला नाही.

बाबा अकोल्याला, जठारपेठेत राहतात. भिक्षुकी करतात. आई गेल्यापासून एकटेच आहेत. मी अमरावतीला चला म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं: "तिथं मले कोण ओळखते? इथं भाजी आणायले निघालो तर चार जण तिथी विचारतात." अजून वास्तुशांती, सत्यनारायण, मुंज, सगळं ते स्वतः सांगतात. अडचण एकच झाली. मोतीबिंदू काढल्यावरही पोथीचं बारीक अक्षर त्यांना लागेना. मग मी त्यांच्या सगळ्या पोथ्या स्कॅन केल्या, माझा एक जुना फोन नव्याने घडवला आणि त्यात त्या भरल्या. फोन चालू केला की थेट पोथ्यांचं कपाटच उघडावं, अक्षर बोराएवढं दिसावं, सगळ्या सूचना मराठीत असाव्यात. कीबोर्डवरचे आकडेसुद्धा मराठी करून दिले. मुलगा म्हणून मी फार काही केलं असेन असं नाही, पण हे काम मी जीव ओतून केलं.

त्या फोनला एक खोड होती. आतलं कुलूप उघडलेलं असल्यामुळे दर वेळी चालू होताना तो एक इशारा दाखवायचा: या फोनमध्ये फेरफार झालेला आहे, याच्यावर विश्वास ठेवता येणार नाही. बँकेचं ॲपही त्यावर चालायला नकार द्यायचं. बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "हे काय म्हणून राहिलं?" मी म्हटलं, "लक्ष देऊ नका." त्यांनी दिलं नाही. मीही दिलं नाही.

श्रावणात शेजारच्यांच्या फोनवरून बाबांचा आवाज आला. "अरे, पोथ्या गेल्या. फोन पाटीसारखा कोरा झाला." मी सुट्टी पाहून अकोल्याला गेलो. फोन खरंच कोरा होता. कुणीतरी तो मुळापासून पुसला होता.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. असल्या फोनला एक मागचं दार असतं. फोन चालू करताना आवाज कमी करायचं बटण दाबून धरलं तर नेहमीचा फोन उघडत नाही, एक काळा पडदा येतो. त्यावर दुरुस्तीची यादी असते. आवाजाच्या बटणाने यादीत खाली सरकायचं आणि चालू करायच्या बटणाने हवं ते निवडायचं. 'सगळं पुसा' हेही त्यातच असतं. ते निवडलं की फोन 'नक्की?' विचारतो, आणि पुन्हा हो म्हणावं लागतं. म्हणजे माणसाने दोन बटणं एकदम धरावीत, यादीत बरोबर तिथवर जावं आणि वर दोनदा होकार द्यावा. असं चुकून होत नाही. निदान मी तसं समजत होतो.

"बाबा, काय दाबलं होतं?"

"चालू करायचं बटण."

"आणखी?"

"आणखी काईच नाई. काळं काळं आलं, म्हणून पुन्हा तेच दाबलं. मी काईच नाई केलं रे."

मी हसून सोडून दिलं. म्हातारा माणूस, दाबलं असेल काहीतरी. सगळं पुन्हा भरलं आणि परत आलो.

नवरात्रात पुन्हा तेच झालं. तेव्हा मात्र मी चिडलो. माझा आवाज चढला की बायको दार लावून घेते, शेजाऱ्यांना नको म्हणून. बाबा अकोल्याला होते, पण मी फोनवर एवढा ओरडत होतो की आवाज तिथवर फोनशिवायही ऐकू गेला असेल. ते एकच सांगत राहिले की मी काही केलं नाही. आणि आता एक नवीन भानगड उभी राहिली. पुसलेला फोन चालू करताना आधीचं ईमेलचं खातं आणि त्याचा पासवर्ड मागतो. चोराने फोन पुसून वापरू नये म्हणून ती सोय असते. पहिल्या वेळी ते मीच टाकलं होतं. या वेळी मी गेल्यावर बाबा म्हणाले, "थांब, मले येते." चष्मा चढवून त्यांनी एकेक अक्षर टिपलं. पडद्यावर ठिपके उमटले. चुकीचा पासवर्ड. पुन्हा टाकला. चुकीचा. मग खात्यानेच सांगितलं की फार वेळा प्रयत्न झाला, आता नंतर या.

"हाच आहे," बाबा म्हणाले.

"हाच असता तर उघडलं नसतं का?"

बाबा दोन हात मांडीवर ठेवून फोनकडे पाहत बसले. तो पासवर्ड त्यांनी स्वतः ठरवलेला होता आणि पहिल्या वेळी त्यांनी सांगितलेला माझ्या लक्षात राहिला नव्हता. शेवटी 'पासवर्ड विसरलो' असं सांगून माझ्या लॅपटॉपवरून मी खात्यात शिरलो आणि आम्ही दोघांनी मिळून नवा पासवर्ड केला, सोपा, आईच्या नावाचा आणि त्यांच्या लग्नाच्या सालाचा. तो ते कसे विसरतील?

दिवाळीनंतर फोन तिसऱ्यांदा पुसला गेला आणि बाबांना तो पासवर्डही लागला नाही.

त्या दिवशी मात्र मी घाबरलो. राग बिग सगळा गेला. ज्या माणसाला पाठ असलेलं आपल्याला वाचूनही नीट म्हणता येत नाही, तो माणूस स्वतःच्या लग्नाचं साल चुकतोय. दोन बटणं दाबून, होकार देऊन फोन पुसतोय आणि 'मी काही केलं नाही' म्हणतोय. म्हणजे करतोय आणि त्याला ते आठवत नाही. माझ्या डोक्यात दुसरा अर्थ शिरेचना. एकदा कावीळ झाली की सगळं जग पिवळं दिसतं. मग मला आठवायला लागलं की गेल्या खेपेला बाबांनी चहात साखर टाकली नव्हती, आणि मला हाक मारताना आधी काकाचं नाव घेतलं होतं. काकाचं नाव ते मी शाळेत असल्यापासून घेतात, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

अमरावतीतल्या स्मरणशक्तीच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि बाबांना आणायला गेलो. वाटेत सगळं भाषण तयार केलं होतं. आता एकटं राहायचं नाही, फोनचं जाऊ द्या, उद्या गॅस चालू राहिला तर काय, वगैरे. भाषणाची गरजच पडली नाही. मी म्हटलं, "बाबा, चला, आता तिकडेच राहा," आणि ते म्हणाले, "बरं."

हे 'बरं' मला फार लागलं. या माणसाने आयुष्यभर प्रत्येक गोष्टीवर भांडण केलं आहे. एकादशी आज की उद्या, वरणात हिंग आधी की नंतर, रिक्षावाल्याने वळण कुठून घ्यायचं. आणि घर सोडायची गोष्ट निघाली तर नुसतं 'बरं'. कापडी पिशवीत धोतरं, पळी-पंचपात्र आणि तो फोन घेऊन ते निघाले. शेजारणीला चावी देताना म्हणाले, "तुळशीले पाणी घालजा." कधी येणार ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

घरी आल्यावर बायको मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. सासऱ्यांना ती मामाजी म्हणते. "काहून आणलं त्यायले असं गाय आणल्यावानी? मामाजी एक शब्द बोलून नाई राहिले."

"तब्येत बरी नाही त्यांची."

"त्यायची बरी आहे. तुमच्या त्या फोनची नाई."

मी तिच्यावर खेकसलो. तिला काय कळतं त्यातलं, असंही म्हणालो. पण बाबा जेवायला बसले तेव्हा त्यांनी भात वाढून घेतला आणि मीठ कमी आहे की जास्त हेसुद्धा सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जायचं होतं. वेळ दुपारची होती. बाबांनी सकाळी आंघोळ केली, सोवळं नेसले आणि आमच्या देवघरासमोर पाटावर बसले. फोन मी आदल्या दिवशीच नीट करून दिला होता, कारण पारायण अर्धं राहिलं होतं आणि अर्धं सोडणं त्यांना चालत नाही. मी चहाचा कप घेऊन दाराशी उभा राहिलो. खरं सांगायचं तर मी पाहायला उभा होतो की ते काय चुकतात.

बाबांनी फोन आधी बंद केला. मग चौरंगावर लाल वस्त्र अंथरून त्यावर ठेवला. फुलाने पाण्याचे दोन थेंब शिंपडले. सहाणेवरचं गंध अनामिकेवर घेतलं आणि फोनच्या कडेला, बरोबर बटणांच्या जागी, बोट दाबून लावलं. अक्षता वाहिल्या, फूल ठेवलं, हात जोडून डोळे मिटले. सगळं सावकाश. गंध वाळायला भरपूर वेळ मिळाला.

"बाबा, हे काय करून राहिले तुमी?"

त्यांनी डोळे उघडले. "पोथीची पूजा. पारायणाले आधी पूजा, मग वाचन. तुले माहीत नाई का?"

"अन् फोन बंद काहून केला?"

"उघड्या पोथीची पूजा करत असतात का कोणी? मिटलेली असते तेव्हा पूजा करावं, मग उघडावं."

"अन् गंध तिथं कडेले कायले लावलं?"

"काचेवर लावलं तर अक्षर दिसत नाई. तूच म्हटलं ना, काच साफ ठेवजा?"

एवढं बोलून त्यांनी पोथी उघडली, म्हणजे चालू करायचं बटण दाबून धरलं. विश्वास ठेवू नका हा नेहमीचा इशारा आला. आणि त्याच्यामागून काळा पडदा आला. बाबांनी हात असा मागे घेतला जसा तव्याला लागला असावा.

"पाह्य," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "पाह्य, मी काईच नाई केलं."

मी वाकून पाहिलं. पडद्यावरच्या यादीतली निळी पट्टी आपोआप खाली धावत होती. तळाशी जात होती, पुन्हा वर येऊन पुन्हा खाली. कुणाचं बोट कुठेच नव्हतं. आवाज कमी करायचं बटण आत रुतून बसलं होतं आणि त्याच्यावर चंदनाचा छान पिवळा लेप वाळला होता. आता फोन चालू होत नाही म्हणून कुणी चालू करायचं बटण पुन्हा पुन्हा दाबलं, तर पट्टी त्या क्षणी जिथे असेल ते निवडलं जाणार होतं. 'सगळं पुसा' असेल तर ते, 'नक्की?' असेल तर हो. मी येऊन बटणं तपासायचो तोवर माझ्याच दाबादाबीने गंधाची खपली निघून जात असणार, म्हणून मला बटण नेहमी ठणठणीत सापडायचं.

मी कप तिथेच ठेवला आणि फोन उचलला.

"अरे! अरे, आंघोळ नाई केली अन् पोथीले हात लावला! लाज नाई वाटत? सोवळ्याले शिवून राहिला तू! एवढा मोठा घोडा झाला, अक्कल कधी येईन तुले?"

किती दिवसांनी ओरडले ते! मला इतकं गोड वाटलं की मी हसत सुटलो. ते आणखी भडकले. बायको पिठाचे हात घेऊन धावत आली. तिला वाटलं आम्ही दोघेही गेलो कामातून. मी तिच्याकडून सुई मागितली, बटणाच्या फटीतलं गंध कोरून काढलं, आणि बटण टक् करून वर आलं. फोन पुन्हा चालू केला. पोथ्यांचं कपाट समोर उघडलं.

मग मी आंघोळ करून आलो आणि त्यांना सगळं समजावलं. वर्गातल्या पोरांना समजावतो तसं, बटण दाखवून, फट दाखवून. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे ते मी नव्हतं दाबलं?"

"नाही."

"गंधानं दाबलं?"

"गंधानं दाबलं."

"मंग तू मले इचारलं काहून नाई, पूजा करता का म्हणून?"

मी विचारायचो, फोनला काय केलं. पूजा करणं म्हणजे फोनला काही करणं, असं त्यांना कशाला वाटेल? तोच फोन दर वेळी चालू होताना माझ्यावर विश्वास ठेवू नका म्हणून ओरडत होता, आणि मी विश्वास ठेवला नाही तो बापावर.

"अन् पासवर्ड?" त्यांनी हळूच विचारलं. ते अजून संशयात होते. घर वाचलं होतं, पण पाया त्यांना तपासून घ्यायचा होता.

मी फोनवर खात्याचं पान उघडलं आणि म्हटलं, टाका. त्यांनी आईचं नाव टाकलं, लग्नाचं साल टाकलं. ठिपके उमटले. चुकीचा. या वेळी मात्र मी ठिपक्यांशेजारचं डोळ्याचं चिन्ह दाबलं, टाकलेलं उघड दिसावं म्हणून. आईचं नाव इंग्रजी अक्षरांत, बरोबर होतं. सालही बरोबर होतं. फक्त साल मराठी आकड्यांत होतं, कारण कीबोर्डवर मराठी आकडे, पुसूनही न जाणारे, मीच हौसेने बसवून दिले होते, आणि पासवर्ड आम्ही माझ्या लॅपटॉपवर इंग्रजी आकड्यांत केला होता. यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे. मी टाकताना सवयीने कीबोर्ड इंग्रजी करून घ्यायचो, म्हणून मला ते कधी कळलंच नाही. बाबांचा जुना पासवर्डही असाच नाकारला गेला असणार. त्यांच्या लक्षात सगळं होतं.

बायकोने लाटणं माझ्याकडे रोखलं. "मी काय म्हटलं होतं? मामाजी बरे आहेत, फोन बरा नाई." तिने तिथल्या तिथे लाल खणाचा एक तुकडा घेऊन फोनला वेष्टन शिवायला घेतलं, पोथीला असतं तसं, म्हणजे गंध कापडाला लागावं. मी डॉक्टरांकडे फोन करून वेळ रद्द केली. तिकडच्या बाईंनी कारण विचारलं, तर मी म्हटलं, पेशंट बरा झाला.

बाबा मात्र उठले नाहीत. पाटावरच बसून राहिले. तिथूनच म्हणाले, "मी हिवरखेडची वास्तुशांती नाई म्हणून सांगितली."

मला माहीतच नव्हतं. हिवरखेडचं ते घर आजोबांपासूनचं आमचं यजमान. तिथलं कार्य बाबांनी तापात असतानाही सोडलं नव्हतं.

"काहून?"

"त्या दिवशी अकोल्यात तू फोनवर सांगून राहिला होता ना, बाबा विसरून राहिले. मले वाटलं, खरंच असन. आपल्याले कसं कळन? विसरणाऱ्याले थोडंच आठवते का आपण काय विसरलो ते?" त्यांनी उपरण्याने नाक पुसलं. "रोज पहाटे मनात मंत्र म्हणून पाहत होतो. येत होते सगळे. तरी भेव वाटे. यजमानाच्या दारात, चारचौघांत, मधेच अडलो तर? म्हणून म्हटलं, मले जमत नाई आता. दुसरा पाहा."

मी त्यांचे पाय धरले. सोवळ्यात होते तरी या वेळी ओरडले नाहीत. म्हणाले, "फोन लाव त्यायले."

मी माझ्या फोनवरून हिवरखेडला लावून दिला. बाबांनी तो कानाशी नीट धरला, घसा साफ केला.

"नमस्कार. हो, मीच बोलून राहिलो. बरा आहे ना, मले काय झालं? दुसरे गुरुजी ठरले का?... नाई ठरले? मंग ठरवू नका. मी येतो. सामान सांगतो, घ्या लिहून."

आणि ते सांगायला लागले. सुपाऱ्या, खारका, हळकुंडं, बदाम. पंचपल्लव, आणि आंब्याचा डहाळा वेगळा. नवग्रहांची धान्यं, एकेका ग्रहाचं नाव घेऊन. समिधा कोणत्या झाडाच्या आणि त्या गावात कुणाच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर मिळतील तेही. तूप गाईचंच हवं, मागच्या वेळी तुमच्या थोरल्याने डब्यातलं आणलं होतं, तसं नको. कुठे थांबले नाहीत, कुठे 'ते काय बरं' म्हणाले नाहीत. मी समोर उभा राहून ऐकत होतो आणि बायको शिवणकाम हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पलीकडचा माणूस बहुधा नुसता हो हो करत असावा, कारण बाबा मधेच थांबले आणि त्याच्यावर डाफरले.

"लिहून राहिले ना? लिहा बापा, नाईतर विसरून जासान."

मला रडू फुटलं. बाबांनी हातानेच मला गप्प बसायची खूण केली, कारण यादी अजून संपली नव्हती.